शशिकांत बोकारे यांची तीनशे सत्तेचाळीस मतं

शशिकांत बोकारे यांना कुणी पुढारी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी त्यांनाच हसू आलं असतं. गॉलवे या आयरिश शहरात हृदयाच्या नळीत बसवायच्या बारीक जाळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात ते एकोणीस वर्षं तपासणीच्या कामावर होते. जाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, एखादी तार केसभर वाकडी दिसली की लाल ट्रेमध्ये टाकायची आणि वहीत नोंद करायची. हळू बोलणारे, हळू चालणारे, सही करण्याआधी पेनाचं टोपण मागे नीट बसवणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी चित्राबाई म्हणायच्या, "हे ताटातली पोळीसुद्धा उजेडात धरून बघतात."

अशा माणसाने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहावं, याला कारण झाला चारशे मीटरचा एक रस्ता.

त्यांच्या वसाहतीपासून हॉस्पिटलकडे जाणाऱ्या वाटेवर एक वळण आहे. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण, आणि मधे दोन गाड्या जेमतेम जातील एवढा डांबरी पट्टा. पायवाट नाही. सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या नर्सेस, रुग्णांची देखभाल करणाऱ्या केअरर, सफाईचं काम करणाऱ्या बायका अंगात पिवळी जाकिटं घालून एकीमागे एक बांधाला खेटून चालतात. नोव्हेंबरमध्ये त्यांतल्या एकीला गाडीच्या आरशाचा फटका बसला आणि ती खुब्याचं हाड मोडून पडली. कौन्सिलकडे, म्हणजे महापालिकेकडे, अर्ज गेले, उत्तरं आली, उत्तरांत 'योग्य वेळी विचार करू' असं होतं.

जखमी झालेली बाई मरिसेलच्या वॉर्डात काम करायची. मरिसेल बोकाऱ्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. मूळची फिलिपीन्सची, पनाय बेटावरच्या एका छोट्या शहरातली. चित्राबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा सलग अकरा दिवस ही बाई ड्युटीवरून परस्पर यांच्याकडे यायची आणि ड्रेसिंग बदलून मगच स्वतःच्या घरचं कुलूप उघडायची. बदल्यात शशिकांतराव तिचं वॉशिंग मशीन दुरुस्त करत. ते वर्षातून तीनदा बिघडायचं. यांना चालावं म्हणून ती शेवयांसारखं पॅन्सिट मुद्दाम भाज्या घालून करायची, आणि डबा देताना दर वेळी सांगायची, "शशी, यात काहीही मेलेलं नाही."

तर त्या अपघातानंतर मरिसेल अपक्ष म्हणून उभी राहिली.

बातमी मराठी मंडळात पोचली तशी तिथे चुळबूळ सुरू झाली. हरीश म्हणून एक तरुण इंजिनियर होता. मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला. तो म्हणाला, "फिलिपिनो लोक तीनशे. आपण सगळे भारतीय धरले तर त्याहून जास्त. त्यांची बाई उभी राहते आणि आपण काय नुसते ढोल वाजवायचे?" मग सगळ्यांनी शशिकांतरावांकडे पाहिलं. त्यांना मुलं काका म्हणत, मोठी माणसं दादा म्हणत, आणि आजवर मंडळात त्यांच्याशी कुणाचं भांडण झालं नव्हतं. पुढारी व्हायला एवढंही कधीकधी पुरतं.

ते आधी मरिसेलची परवानगी मागायला गेले. ती खळखळून हसली.

"उभा राहा की! इथे ते चालतं."

तिच्या स्वयंपाकघरात मार्टिन बसला होता. निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं प्रत्येक मतमोजणीला हजर राहून आकडे टिपायचा त्याला नाद. त्याने टेबलावर बिस्किटं मांडून सगळी पद्धत समजावली. मतदार आवडत्या उमेदवारासमोर एक लिहितो, त्याच्यानंतर जो बरा वाटेल त्याच्यासमोर दोन, मग तीन. एक नंबरचा उमेदवार तळाला जाऊन बाद झाला, तर ते मत मरत नाही. दोन नंबरवाल्याच्या गठ्ठ्यात जातं.

"म्हणजे तुझे लोक तुला एक आणि हिला दोन देतील, हिचे लोक हिला एक आणि तुला दोन. तुम्ही दोघं मिळून लढताय. जो आधी पडेल त्याची मतं दुसऱ्याला," असं म्हणून मार्टिनने शशिकांतरावांचं बिस्किट उचललं आणि मरिसेलच्या बिस्किटावर ठेवलं. "सहा जागा आहेत. पाच मोठे पक्ष नेतील. सहावीसाठी तुमच्यापैकी एक आत जाऊ शकतो. दोघं नाही. एक."

"कुणी का जाईना, पायवाट झाली पाहिजे," मरिसेल म्हणाली. तिने आपल्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलंसुद्धा: एक मरिसेल, दोन शशी.

मग दोन महिने शशिकांतरावांनी आयुष्यात केलं नव्हतं असं काम केलं. ते दारोदार हिंडले. इथे वर्क परमिटवर राहणाऱ्यालाही स्थानिक निवडणुकीत मत असतं, हे आपल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात कोपऱ्यात टेबल मांडलं आणि श्रीखंडाच्या रांगेतून एकेकाला ओढून फॉर्म भरून घेतले. दोनशेवर नवी नावं यादीत चढली. कुठल्या घरात किती माणसं, कोण कुठल्या पाळीला, कुणाचे आईवडील पाहुणे म्हणून आलेत आणि त्यांना मत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ झालं.

अडचण एकच येत होती, आणि ती प्रत्येक दारात यायची.

"काका, तुम्हाला एक देतो. पण त्या बाईंना दोन दिला की तुमचं मत फुटणार नाही का?"

"नाही फुटत. दोन नंबर मी बाद झालो तरच बघतात."

"बाद कशाला होताय? असं बोलू नका ना! आणि समजा मशीनने चुकीचं वाचलं तर?"

"मशीन नाही. पेन्सिलीने लिहायचं असतं. माणसं हाताने मोजतात."

"हाताने? मग तर चूक होणारच!"

एका दारात वीस मिनिटं. रात्री घरी येईपर्यंत घसा बसलेला. आणि खरं सांगायचं तर लोकांच्या भीतीने त्यांच्याच मनातली एक जुनी भीती जागी केली होती. विदर्भातल्या त्यांच्या गावी पद्माकरकाका नगरपालिकेला उभे होते. आळीतलाच दुसरा एकजण उभा राहिला आणि काका अडतीस मतांनी पडले. 'मतं फुटली' हे दोन शब्द त्या घरात पुढे कित्येक वर्षं, कुणी वारल्यासारखे, आवाज खाली करून बोलले जायचे. शशिकांतराव मार्टिनची बिस्किटं समजून होते. पण ऐन वेळी माणूस लहानपणी शिकलेलंच धरून बसतो.

मतदानाआधीच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. साठ-सत्तर माणसं, मुलांचा गोंगाट. शशिकांतराव फळ्यावर एक, दोन, तीन लिहून समजावत होते आणि मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे तीन मतं द्यायची?" हशा पिकला. हरीश उठला.

"दादा, माफ करा, पण एवढं अवघड नका करू. लोक बूथमध्ये जाऊन काहीतरी खरडतील आणि मत बाद होईल. सरळ सांगा, शशिकांत बोकारे, एक नंबर. बाकी कागद कोरा. विषय संपला."

खोलीतून सुटकेचा एक निःश्वास गेला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समजल्याचा भाव आला. शशिकांतरावांनी हातातल्या खडूकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "फक्त एक लिहा. म्हणजे चूक नको."

टाळ्या वाजल्या. दाराशी त्यांची मुलगी तन्वी उभी होती. ती इथेच वाढलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तरं तिच्या गॉलवेच्या इंग्रजीत देणारी. "बाबा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स," ती म्हणाली.

"अगं, मला माहीत आहे. पण लोक गोंधळतात."

"डिड यू टेल मरिसेल?"

"सांगतो."

सांगायला ते बुधवारी गेले. मरिसेल खुशीत होती, तिने चहा केला. बोलता बोलता गावची आठवण निघाली. तिचे वडील तिथे कौन्सिलला उभे राहायचे. तिथे एका चिठ्ठीवर बारा नावं निवडायची असतात, म्हणून उमेदवार टोळीने फिरतात, एकच पत्रक वाटतात, एकाच ट्रकवरून गाणी लावतात. "आणि आतून काय असतं माहितीये?" ती हसत म्हणाली. "प्रत्येकजण आपल्या चुलत-मामे भावंडांना कानात सांगतो, माझ्या एकट्याचं नाव लिहा, बाकी अकरा जागा मोकळ्या सोडा. माझ्या सख्ख्या मामाने बाबांना असंच पाडलं. वर विजयाच्या जेवणाला बोलावलं! बाबा गेले, आणि दोनदा वाढून घेतलं."

शशिकांतरावही हसले. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि घरी आले. 'आता दोनच दिवस राहिलेत,' असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दोन दिवसांत सत्तर घरं पुन्हा फिरता आली असती. मार्टिनची बिस्किटं त्यांनी फोनवरून सांगितली असती तरी चाललं असतं. पण आधी मरिसेलला सांगावं लागलं असतं, आणि ती वेळ निघून गेली होती.

शुक्रवारी मतदान झालं. शनिवारी सकाळी मोठ्या हॉलमध्ये पेट्या उघडल्या. टेबलांपलीकडे कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडून पुढ्यात धरत, आणि अलीकडे लोखंडी कठड्याला पोट लावून मार्टिनसारखे जुने लोक कागदावर रेघा मारत. शशिकांतराव त्याच्या शेजारी उभे राहिले. आपला फोटो असलेला कागद आणि त्यासमोर कुणीतरी पेन्सिलीने काढलेला एक. पहिला दिसला तेव्हा ते कठड्यावर आणखी वाकले. एका कागदावर तर देवनागरी '१' होता. अधिकाऱ्यांनी आपसांत बोलून तो ग्राह्य धरला आणि शशिकांतरावांचे डोळे भरून आले.

"तुझी माणसं आली रे!" मार्टिन म्हणाला. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला, आता नुसता कुतूहलाने. "पण फार कंजूष आहेत. एकाच्या पुढे काही लिहीतच नाहीत."

शशिकांतरावांनी मान वळवली नाही. ते बघत राहिले. एक, आणि खाली कोरं. एक, आणि खाली कोरं. एकोणीस वर्षांची सवय झालेले डोळे होते त्यांचे, एकही कागद सुटत नव्हता.

पहिल्या फेरीत त्यांना तीनशे अठरा मतं पडली, मरिसेलला पाचशे एक्केचाळीस. मंडळाच्या ग्रुपवर फुलं आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. खालचे उमेदवार एकेक बाद होत गेले, त्यांची थोडीथोडी मतं यांच्याकडे आली, आणि सहाव्या फेरीला तीनशे सत्तेचाळीस मतांवर शशिकांत बोकारे बाद झाले.

"ग्रँड," मार्टिन हात चोळत म्हणाला. "आता बघ. यातली अडीचशे जरी मरिसेलला गेली, तरी ती सहाव्या जागेवर बसलीच."

मरिसेल शेजारी येऊन उभी राहिली. तिने हॉस्पिटलचं निळं जाकीट घातलं होतं, संध्याकाळी ड्युटी होती. तिने शशिकांतरावांच्या दंडावर हात ठेवला. "तू छान लढलास."

कर्मचाऱ्यांनी तीनशे सत्तेचाळीस कागदांचा गठ्ठा सोडला आणि नावाच्या खणांत वाटायला सुरुवात केली. पुढे कुणाचंच नाव नसलेल्या कागदांसाठी टोकाला एक वेगळा खण होता. पहिला कागद तिकडे गेला. दुसरा तिकडे गेला. तिसरा मरिसेलच्या खणात पडला, चौथा, पाचवा, सहावा पुन्हा टोकाला. तो खण भरला तेव्हा त्यावर रबर चढवून नवा गठ्ठा सुरू झाला.

"मार्टिन," शशिकांतराव हलक्या आवाजात म्हणाले, "हे माझे लोक आहेत. मी प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. मी जाऊन सांगितलं की ही सगळी हिचीच आहेत, तर?"

"कुणाला सांगणार?"

"तिथे बसलेत त्यांना."

मार्टिनने त्यांच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "कागदावर नाही ते कुणी वाचत नाही, शशी."

अधिकाऱ्याने माइकवरून आकडे वाचले. मरिसेलला एकाहत्तर. बाकीच्या उमेदवारांना मिळून बेचाळीस. पुढे कुणालाच न जाणारी दोनशे चौतीस.

मरिसेलने हॉलमधल्या पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"शशी, हे दोनशे चौतीस कोण?"

"माझेच."

"त्यांना पद्धत माहीत नव्हती?"

"मीच सांगितलं. फक्त एक लिहा म्हणून."

"केव्हा?"

"रविवारी."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "आणि बुधवारी तू माझ्याकडे चहा प्यायलास."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, मार्टिनला म्हणाली, "मला ड्युटीला उशीर होतोय," आणि बाहेर पडली. शशिकांतराव तिच्या मागे दारापर्यंत गेले. सकाळी दोघं त्यांच्याच गाडीतून आले होते. "सोडतो ना," ते म्हणाले. "नको," ती म्हणाली. "तू थांब. माझ्या वतीने कुणीतरी इथे असायला हवं."

म्हणून ते थांबले. तो शनिवार आणि दुसऱ्या दिवशी रविवारही, कठड्यापाशी, एकाच जागी. फेरीमागून फेरी मरिसेल वर चढत होती, तिच्यापुढचा एका पक्षाचा उमेदवारही चढत होता. शशिकांतराव प्रत्येक आकडा तिला पाठवत होते. ती फक्त वाचत होती, उत्तर येत नव्हतं. रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला शेवटची फेरी जाहीर झाली. मरिसेल एकोणीस मतांनी पडली. तिने पुन्हा मोजणी मागावी का, असं मार्टिनने फोनवर विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा मोजून त्या दोनशे चौतीस कागदांवर माझं नाव उमटणार आहे का?"

निवडून आलेल्या माणसाला मित्रांनी खांद्यावर उचललं. शशिकांतरावांनी जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि त्या वळणाबद्दल सांगितलं. "वळण? अगदी, अगदी! आपण त्यावर बोलू," तो म्हणाला, आणि कुणीतरी त्याला फोटोला ओढून नेलं.

संध्याकाळी हरीशच्या घरी मंडळाने जेवण ठेवलं होतं. नको म्हणता येईना. चित्राबाई म्हणाल्या, "अहो, त्यांनी कष्ट केलेत तुमच्यासाठी. दहा मिनिटं तरी चला." दारातच टाळ्या झाल्या. कुणी हार आणला होता. पहिलाच मराठी उमेदवार, पहिल्याच खेपेला तीनशेवर मतं! हरीशने मिठी मारली.

"दादा, शिस्त बघितलीत का आपली? एकानेही इकडेतिकडे पेन्सिल लावली नाही. एक मत फुटू दिलं नाही!"

शशिकांतराव हार काढून हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "हरीश, मरिसेल एकोणीस मतांनी पडली."

"कळलं ना. वाईट झालं. चांगली बाई." तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबला. "का हो?"

"आपली दोनशे चौतीस मतं तिला जाऊ शकली असती."

"कशी? ती तर तुम्हाला दिली होती."

"मी बाद झाल्यावर."

"मग आमची मतं गेली कुठे?"

हातातल्या ताटल्या हातातच राहिल्या. शशिकांतरावांनी टेबलावरच्या ताटातून सहा पुऱ्या काढून ओळीने मांडल्या, आणि एकेक पुरी उचलून, दुसरीवर ठेवून सांगायला लागले. एक नंबर म्हणजे काय, दोन नंबर म्हणजे काय, तळाचा बाद झाला की काय होतं. घसा आता बरा होता. कुठेही न अडखळता त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"एवढंच होतं होय?" स्वप्नाली म्हणाली. ती हरीशची बायको. तिच्या कडेवर मूल झोपलं होतं, आणि ती रोज त्याच वळणावरून चालत हॉस्पिटलात कामाला जायची. "हे तर लगेच कळलं, काका."

"हो," शशिकांतराव म्हणाले.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत असं?"

त्यांनी टेबलावरच्या पुऱ्यांकडे पाहिलं. चित्राबाईंनी पुढे होऊन त्या गोळा करायला सुरुवात केली. अजून सगळे उत्तराची वाट पाहत होते.